करहाटकच्या तुरुंगातून आचार्य सुटले कसे

सचिवानं आपल्या सचिवपदाची पैज लावू नये, असा नियम साताऱ्याच्या सुयोग कॉलनी ज्येष्ठ नागरिक संघाच्या घटनेत आधी नव्हता. तो नंतर घातला गेला. त्याला कारण झाले खुद्द सचिव नानासो, आणि नानासोंना कारण झाली सांगलीची एक प्राध्यापिका. तिला फक्त इतिहासातल्या एका तुरुंगाचं दार कसं उघडलं, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

तिचं नाव प्रांजल. सांगलीच्या एका महाविद्यालयात ती मराठी शिकवायची आणि उरलेल्या वेळात हरवलेल्या मालिका शोधायची. सध्या ती 'घटिकायान'च्या मागं होती. सत्त्याऐंशी साली तेरा आठवडे लागलेली ही मालिका आज कुणाला आठवत नसेल, पण ज्यांना आठवते त्यांना जरा जास्तच आठवते. पाण्याच्या टाकीसारखं दिसणारं एक यान, त्यातून काळात मागंपुढं हिंडणारे विसरभोळे आचार्य आणि त्यांना सारखं सावरणारी त्यांची भाची. पहिल्या दोन गोष्टी भविष्यातल्या होत्या. तिसरी मात्र इतिहासातली, चार भागांची : 'करहाटकचा बंदी'. यान सातवाहनांच्या काळातल्या कऱ्हाडात उतरतं, आचार्यांच्या मनगटावरचं घड्याळ टिकटिकताना ऐकून तिथला अधिकारी त्यांना चेटक्या ठरवतो आणि तुरुंगात टाकतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी शिक्षा होते : उद्या सूर्योदयाला हत्तीच्या पायी.

पुढं काय झालं? निर्मात्याकडच्या टेपा केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. त्या काळी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज भरून घेणारे काही हौशी लोक असत. त्यांच्याकडून प्रांजलनं पहिल्या तीन भागांचा आवाज मिळवला आणि त्याला जोडायला स्वतः चित्रं काढली. चौथा भाग कुणाकडेच नव्हता. म्हणून तिनं जुन्या मालिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, आणि चार मिनिटांत साताऱ्याहून उत्तर गेलं : 'चौथा भाग माझ्याकडे आहे. शेवट तोंडपाठ आहे. – नानासो, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, पाटबंधारे.'

या निवेदनातलं पहिलं वाक्य खरं होतं.

सत्त्याऐंशी साली नानासो सत्तावीस वर्षांचे होते, लग्नाला चार महिने झाले होते आणि घरात रेडिओ-टेपरेकॉर्डरचा नवा टू-इन-वन आला होता. पहिलं वर्षभर त्यांनी त्यावर सगळं भरून घेतलं. कुकरच्या शिट्ट्या, आईचं घोरणं, समोरच्या घरातलं भांडण, आणि 'करहाटकचा बंदी'चे चारही भाग. पहिल्या तिन्हीवर पुढं आईनं भजनं भरली. चौथा वाचला, कारण दुसऱ्या दिवशी ऐकायला लावल्याबरोबर यंत्रानं त्याची फीत चावली. नानासोंनी ती हळूच सोडवली, पेन्सिल घालून गुंडाळली आणि 'सवडीनं दुरुस्त करू' म्हणून कॅसेट डब्यात टाकली. ती सवड यायला अडतीस वर्षं लागली. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा कालावधी फारसा वावगा वाटला नाही.

ते सांगत आले होते तो शेवट मात्र त्यांना खरोखरच तोंडपाठ होता. प्रांजलनं फोन केला तेव्हा त्यांनी खुर्चीत ताठ बसून सांगितला. गावातली एक साधी बाई रात्री पहारेकऱ्याला जेवायला वाढते. तो पोटभर जेवतो आणि झोपतो. ती किल्ली काढून घेते, आचार्य सुटतात, आणि सगळे तिच्याच घरी जेवायला बसतात. हत्ती बितती काही नाही. प्रांजलला तो शेवट फार आवडला. असा साधा शेवट त्या काळात कुणी लिहिला असेल असं वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली. तिनं लगेच बारा चित्रं काढायला घेतली.

इथवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीला ही बातमी लागली आणि नानासोंची मुलाखत छापून आली. त्यात त्यांनी त्या शेवटाचा अर्थही उलगडून दाखवला होता. राजे येतात, राजे जातात, पण इतिहासाची किल्ली सामान्य स्त्रीच्या ताटापाशी असते, वगैरे. मथळा होता : 'अन्न हेच खरं काळयंत्र'. नानासोंनी कात्रणाला फ्रेम करून घेतली आणि दिवाणखान्यात अशा जागी लावली की सोफ्यावर बसणाऱ्याला दुसरीकडं बघायची सोयच राहिली नाही. त्यांच्या पत्नी लीलाबाई त्या फ्रेमकडं बघून फक्त एवढंच म्हणाल्या, की तिथं आधी कॅलेंडर होतं, आता दुधाचे खाडे कुठं लिहायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीरधवल आले. वीरधवल म्हणजे शेजारच्या घरातले, शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त. सत्त्याऐंशी साली ते वीस वर्षांचे होते आणि कॉलनीतल्या बाकी सगळ्यांसारखे दर आठवड्याला 'घटिकायान' पाहायला नानासोंच्याच घरी यायचे. मुलाखत त्यांनी दोनदा वाचली होती. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं : हत्ती होता. हत्तीनंच तुरुंगाची भिंत पाडली. हत्तीचा चीत्कार त्यांच्या कानात अजून घुमतो आहे.

नानासोंनी शांतपणे सांगितलं, की टीव्ही माझा, घर माझं, मी समोरच्या खुर्चीत बसून बघितलंय. वीरधवल म्हणाले, मीही तिथंच बसून बघितलंय, फक्त खाली सतरंजीवर. आता सतरंजीवरून जास्त नीट दिसतं की खुर्चीतून, यावर दोघांचं तासभर चाललं. लीलाबाईंनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा कप ठेवून लगेच आत गेल्या. मग ते प्रकरण संघाच्या मासिक बैठकीत गेलं. तिथं पंधराजणांपैकी सात हत्तीच्या बाजूनं झाले, पाच जेवणाच्या, आणि तिघांना प्रश्नच कळला नाही. नानासोंचा मान दुखावला. हत्ती निघाला तर आपण सचिवपद सोडू, असं ते उभं राहून म्हणाले आणि ते वाक्य त्यांनी स्वतःच इतिवृत्तात लिहिलं, कारण इतिवृत्त लिहिणं हे सचिवाचंच काम होतं.

म्हणजे आता कॅसेट ऐकणं भाग होतं, आणि ऐकायची तर सगळ्यांसमोर. वीरधवलांनी अट घातली की तोवर ती कुणीही ऐकायची नाही, नाहीतर मध्ये काहीतरी कापाकापी होईल. नानासोंना ही अट अपमानास्पद वाटली, म्हणून त्यांनी ती ताबडतोब मान्य केली.

कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेतून निघाली तेव्हा फीत पापडासारखी चिकटली होती. कॉलनीनं सल्ले दिले. कुणी म्हणालं फ्रीजमध्ये ठेवा, कुणी म्हणालं तांदळाच्या डब्यात ठेवा, एकानं केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. नानासोंनी तिला एका रात्री तांदळात ठेवलं. सकाळी लीलाबाईंनी त्याच डब्यातून भाताला तांदूळ काढले आणि कॅसेट निवडताना सापडली, म्हणून वाचली. वीरधवल म्हणाले पुण्याला न्या. पण नानासोंना इस्लामपूरचे बशीरभाई आठवले. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनीच तो टू-इन-वन दोनदा दुरुस्त केला होता.

स्टीलच्या डब्यात कापूस घालून, त्यात कॅसेट ठेवून, डबा मांडीवर धरून नानासो एसटीनं इस्लामपूरला गेले. शेजारच्या बाईंना वाटलं अंगारा आहे. त्यांनी दोनदा डब्याला हात लावून नमस्कार केला. नानासोंनी ते नाकारलं नाही. एवढ्या आदरानं त्या आठवड्यात त्यांच्याकडं दुसरं कुणी पाहिलं नव्हतं.

बशीरभाईंचं दुकान आता त्यांची मुलगी अर्फा चालवत होती. पुढं मोबाइलची कव्हरं टांगलेली, मागं पडद्याआड बशीरभाई, चष्म्यावर चष्मा लावून. कॅसेट हातात घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जुना पेशंट भेटलेल्या डॉक्टरासारखा आनंद दिसला. अर्फा म्हणाली, अब्बांना चार महिन्यांत पहिल्यांदाच काम आलंय, आता दोन दिवस आम्हाला कुणी ओळखणार नाही.

दोन दिवसांनी नानासो परत गेले. कॅसेट नव्या डबीत होती. अर्फानं आवाज एका पेनड्राइव्हवर घेऊन तो पाकिटात घातला होता आणि वीरधवलांच्या अटीप्रमाणं बशीरभाईंनी पाकिटावर आडवी सही केली होती. पण पाकीट हातात देताना ते जरा थांबले.

"साहेब, आवाज चांगला निघालाय. समदं ऐकू येतंय," ते म्हणाले. "पर एक सांगू? लोकांफुडं लावायच्या आधी तुमी एकदा घरात ऐका. तुमी आन् वहिनी."

नानासोंनी विचारलं, हत्ती आहे का. बशीरभाई म्हणाले, तसं न्हाई. मग काही अडचण नाही, असं नानासो म्हणाले. शब्द दिलाय, आधी ऐकणार नाही. पाकीट त्यांनी खिशात घातलं आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. बशीरभाईंनी पुन्हा काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तत्त्वावर अडून बसलेल्या वरिष्ठ लिपिकापुढं बोलून उपयोग नसतो, हे त्यांना बहुधा जुन्या वीजजोडणीच्या अर्जांमुळं माहीत होतं.

राहिला प्रश्न सभागृहाचा. संघाचं सभागृह आप्पासोंच्या ताब्यात होतं. आप्पासो म्हणजे सभागृह समितीचे अध्यक्ष. त्यांच्या अर्जावर कार्यक्रमाचे तीनच प्रकार होते : विवाह, सांस्कृतिक आणि शोकसभा. नानासोंनी सांस्कृतिकवर खूण केली. आप्पासोंनी विचारलं, कलाकार कोण. नानासो म्हणाले, कलाकार नाहीत, फक्त आवाज. कुणाचा आवाज? सातवाहनांचा. आप्पासोंनी चष्मा काढला. कलाकार नसतील तर तो सांस्कृतिक कार्यक्रम होत नाही, असं त्यांनी नियमावलीत दाखवलं. शिवाय आवाज हयात नसलेल्या लोकांचा असेल तर तो शोकसभेत बसतो. तीन फेऱ्यांनंतर अर्ज मंजूर झाला, शोकसभा या सदराखाली. त्यामुळं नियमाप्रमाणं खुर्च्यांना पांढरे अभ्रे घालण्यात आले आणि समोरच्या टेबलावर समई ठेवण्यात आली. नानासो म्हणाले समई नको. आप्पासो म्हणाले ती सदरात आहे.

रविवारी दुपारी चार वाजता सभागृह भरलं. प्रांजल सांगलीहून बारा चित्रं घेऊन आली होती. पहिल्या रांगेत नानासो आणि वीरधवल, मध्ये एक रिकामी खुर्ची. लीलाबाई मागं, भिंतीपाशी, दाराजवळ. काही झालं तर पटकन घरी जाता यावं म्हणून त्या कायम तिथंच बसत. नानासोंनी पाकीट सगळ्यांना दाखवलं, वीरधवलांनी सही तपासली, प्रांजलनं पेनड्राइव्ह लावला.

सुरुवातीचं संगीत वाजलं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मग आचार्यांचा खोल आवाज : हे करहाटकच्या अधिपती, काळ हा कुणाचा बंदी नसतो... आणि त्याच्यावर, फार लांबून, वरून कुठूनतरी, दुसरा आवाज आला.

"आलं का?"

आणि खोलीतल्या दहाबारा माणसांनी एका सुरात उत्तर दिलं, "न्हाई!"

"आता?"

"थोडं डावीकडं!"

सभागृहात हसू फुटलं. तो वरचा आवाज नानासोंचा होता. सत्तावीस वर्षांच्या नानासोंचा. त्या काळी साताऱ्यात चित्र यायचं ते सिंहगडाच्या बाजूनं, आणि वाऱ्यानं अँटेना जरा हलली की टीव्हीवर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी गच्चीवर जाऊन खांब फिरवायचा आणि खालच्यांनी सांगायचं. नानासो प्रांजलकडं वळून हळूच म्हणाले, की हो, दोन मिनिटं गेलो होतो वर, ते आठवतंय.

दोन मिनिटं गेली. पाच गेली. भाची अधिकाऱ्याच्या बायकोला भेटली, कटकारस्थान झालं, आणि दर मिनिटाला वरून "आता?" येत राहिलं. दहाव्या मिनिटाला कुणीतरी, बहुधा आप्पासोच, म्हणालं की नानाला म्हणावं खांब धरूनच उभा राहा, सोडला की जातंय. वरून उत्तर आलं, बरं. नानासो खुर्चीत हळूहळू खाली सरकत गेले. खुर्चीत समोर बसून पाहणं, यातलं काहीच खरं नव्हतं. त्यांनी चौथा भाग पाहिलाच नव्हता. पूर्ण बावीस मिनिटं ते गच्चीवर खांब धरून उभे होते.

वीरधवलांचा चेहरा उजळला होता. तेवढ्यात तो आवाज आला. लांब, फाटका, सोंडेतून निघावा तसा चीत्कार. वीरधवल उडी मारून उभे राहिले. हत्ती, ते म्हणाले, ऐका, हत्ती.

आणि टेपमधून नानासोंच्या आईचा, धोंडुबाईंचा आवाज आला, अगदी जवळून, टू-इन-वनच्या शेजारी बसल्यासारखा.

"वीरधवल, नाक शिंकरायचं तर भाईर जा बाबा."

हे हसू फार वेळ चाललं. वीरधवल बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मग आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन परत ठेवला. नानासो मात्र हसत नव्हते. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि ती अशी मध्येच बोलेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. प्रांजलनं ते पाहिलं आणि थांबवायचं का, असं खुणेनं विचारलं. त्यांनी मान हलवली, चालू दे.

शेवटची तीन मिनिटं उरली. पहारेकरी आला, दाराची कडी वाजली, आचार्य म्हणाले, सूर्योदयाला अजून एक घटका आहे, आणि त्या एका घटकेत... आणि खर्रर्र. खोलीत सगळे एकदम ओरडले. मुंग्या. वरून "आता?" खालून "न्हाई!" "आता?" "न्हाई, न्हाई!" हे कितीतरी वेळ चाललं. कुणी टीव्हीला थापट्या मारल्या. मग मुंग्यांच्या आवाजात संपल्याचं संगीत पुसटसं वाजलं आणि कुणीतरी म्हणालं, संपलं वाटतं, गेलं, काही कळलं नाही.

म्हणजे त्या खोलीत कुणीच शेवट पाहिला नव्हता.

तेवढ्यात पुन्हा धोंडुबाई. या वेळी हळू आवाजात.

"लीला, आगं हाक मार त्याला. ल्योक माझा मघाधरनं एकटाच उभा हाय वर वाऱ्यात. त्याला काय दिसलं? सांग काहीतरी."

सभागृहातल्या माना मागं वळल्या. लीलाबाई दाराकडं बघत होत्या. पण उठल्या नाहीत.

टेपमध्ये पावलं वाजली. जिन्यापाशी जाऊन थांबली. लग्नाला चार महिने झालेली मुलगी, तासगावकडची, सासूसमोर नवऱ्याशी मोठ्यानं एक शब्द न बोललेली. पहिली हाक इतकी बारीक होती की नीट ऐकूही आली नाही. मग दुसरी आली.

"आवं! ऐकताय का? सुटले आचार्य! त्या बाईनं पहारेकऱ्याला जेवाय वाढलं, पोटभर जेवला आन् झोपला. तिनं किल्ली काढून घेतली. आता समदी तिच्या घरी जेवाय बसल्यात. तुमी बी या खाली, संपलं!"

आणि मग जवळ, कुणाचा तरी बायकी आवाज : वहिनी, पण तसं कुठं दाखवलं?

"त्यांना वर कुठं दिसतंय," लीला म्हणाली. आणि खट्कन कॅसेटची बाजू संपली.

आप्पासोंनी पुढं होऊन समईची वात सारखी केली, दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नसावं. प्रांजल बारा चित्रं मांडीवर घेऊन बसली होती. बाराव्या चित्रात आचार्य, भाची आणि एक बाई चुलीपाशी जेवत होती. प्रांजल उठून मागं गेली आणि लीलाबाईंच्या शेजारी बसली. तिनं विचारलं, काकू, एवढ्यात हे सुचलं कसं?

लीलाबाई जरा वैतागल्याच. "सुचायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "आमटी थंड होत होती."

नानासो घरी एकटेच पुढं चालत गेले. संध्याकाळभर त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, तेही कालचं. माणसानं अडतीस वर्षं एक गोष्ट जपावी, चारचौघांत सांगावी, तिचा अर्थ लावावा, पेपरात छापून आणावी, आणि ती आपल्याला जेवायला बोलवायला केलेली थाप निघावी, हे काही लहान नाही. भिंतीवर 'अन्न हेच खरं काळयंत्र' लटकत होतं. शेवटी ताट सरकवताना ते म्हणाले, की तू माझ्याशी खोटं बोललीस.

लीलाबाईंनी ताट उचललं. मग काय सांगायला हवं होतं, त्या म्हणाल्या. बावीस मिनिटं खांब धरून उभ्या राहिलेल्या माणसाला मुंग्या आल्या म्हणून सांगायचं? आणि एकदा सांगितल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलंत, मग सगळ्या खात्याला सांगितलंत, बदली होईल तिथं सांगितलंत. मी कधी मध्ये बोलणार होते?

थोड्या वेळानं नानासोंनी मोबाइलवर प्रांजलनं पाठवलेला आवाज लावला, शेवटाकडचा. आईच्या वाक्यापाशी थांबवला. पुन्हा लावला. लीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि ऐकू लागल्या. तिसऱ्यांदा लावल्यावर त्या म्हणाल्या, आत्तींचा आवाज कसा अगदी घरातच असल्यासारखा आहे, नाही? नानासो हो म्हणाले. भांडण तिथंच मिटलं, पण तसं दोघांपैकी कुणी कबूल केलं नाही.

राजीनामा त्यांनी सोमवारी दिला. हत्ती निघाला नव्हता, पण शब्दाचा प्रश्न होता. संघानं तो एकमतानं फेटाळला. वीरधवल विरोधात सर्वांत जोरात बोलले, कारण सचिव गेला असता तर इतिवृत्त त्यांच्या गळ्यात पडलं असतं. मग घटनेत तो पैजेचा नियम घातला, आणि तो नानासोंनीच स्वच्छ अक्षरात लिहिला.

आठ दिवसांनी प्रांजलचा फोन आला. तिच्यासमोर एक अडचण होती. खरा शेवट आता जगात कुठंच नव्हता. असेल तर फक्त लीलाबाईंचा होता. मालिकेचा शेवट म्हणून तो तसा सांगून देता येईल, 'शेवट : लीलाबाई, सातारा' असं लिहून. पण जुन्या टेपवर तो फार पुसट होता. काकू सांगलीला येऊन पुन्हा बोलतील का?

लीलाबाई आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, तासगाववरनं जाणार असाल तर येते, बहिणीकडं बेदाणे ठेवलेत. असं करत एका शुक्रवारी दोघं सांगलीला पोचले. महाविद्यालयात एक बंद खोली होती, भिंतींना फोम लावलेला. लीलाबाईंना माइकसमोर बसवलं. त्यांनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि काही केल्या तोंडातून शब्द निघेना. एवढ्या जवळ तोंड आणून कुणाला ओरडून कसं सांगायचं, त्या म्हणाल्या. आणि ओरडलं नाही तर ते तसं वाटत नाही. सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी त्या परीक्षेला बसल्यासारख्या बोलत होत्या.

शेवटी प्रांजलनंच सुचवलं. माइक बाहेर, इमारतीच्या चौकात आणला. नानासोंना तिसऱ्या मजल्यावर जायला सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून ते कुरकुरले, पण गेले. कठड्याला धरून उभे राहिले. आजूबाजूच्या वर्गांतून विद्यार्थी बाहेर आले आणि हे काय चाललंय ते बघू लागले.

लीलाबाईंनी वर पाहिलं. माइक विसरल्या. तोंडाभोवती हात धरला आणि त्या चौकातून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडल्या. बाईनं पहारेकऱ्याला वाढलं, तो जेवला, तो झोपला, किल्ली काढली, सुटले आचार्य, समदी जेवाय बसली, तुमी बी या खाली. एकदाच, पहिल्याच फटक्यात, एक शब्द न चुकता.

वर नानासोंना काही बोलायचं नव्हतं. त्यांना फक्त उभं राहायला सांगितलं होतं, आणि संहिता त्यांनी स्वतःच बॉलपेननं स्वच्छ लिहून काढली होती, त्यात त्यांच्या नावापुढं काहीच नव्हतं. पण एवढ्या मोठ्यानं हाक आल्यावर माणूस गप्प कसा राहणार. कठड्यावरून वाकून ते चिडून म्हणाले,

"आलो, आलो. ओरडतीस कशाला, ऐकू येतंय मला!"

चौकात हशा झाला. नानासोंनी हात जोडून माफी मागितली, पुन्हा घेऊ म्हणाले. प्रांजलनं मान हलवली. तिला पुन्हा घ्यायचं नव्हतं.

तो भाग आता कुणालाही पाहता येतो. सातवाहनांच्या करहाटकात चूल पेटलेली आहे, आचार्य मांडी घालून बसलेत, भाची भाकरी मोडतेय, आणि त्या चित्रावर साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यातला एक सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक आपल्या बायकोवर खेकसतो. मालिकेचं शेवटचं वाक्य तेच आहे.